रात्रीच्या वॉर्डात गुरू कोठे आहे?

सार्वजनिक रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांचा प्रश्न आपल्याकडे संप झाला म्हणजे उपस्थित होतो आणि संप मिटला म्हणजे तोही मिटतो. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कलकत्त्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात कामावर असलेल्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीची अत्याचार करून हत्या झाली, तेव्हा साऱ्या देशातील तरुण डॉक्टर रस्त्यावर आले. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन त्या प्रकरणाची दखल घेतली व राष्ट्रीय कृतिदल नेमले. पहारेकरी वाढवावेत, कॅमेरे बसवावेत, विश्रांतीच्या खोल्यांना आतून लागणाऱ्या कड्या असाव्यात, असे पुष्कळ सुचविले गेले. यातील एकही सूचना अनावश्यक होती असे कोणी म्हणणार नाही. तथापि या साऱ्या गदारोळात एक प्रश्न कडेला पडून राहिला, आणि आमच्या मते तो या सर्व प्रश्नांच्या मुळाशी आहे. ज्यांना आपण शिकण्यासाठी रुग्णालयात ठेवले आहे, त्यांच्या शेजारी शिकविणारा असतो काय? आणि असलाच तर किती वाजेपर्यंत?

वैद्यकीय शिक्षणाची रचना कागदावर पाहिली तर ती निर्दोष वाटते. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर विद्यार्थी एक वर्ष आंतरवासिता करतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला या वर्षात निरनिराळ्या विभागांतून फिरावे लागते व त्याची नोंदणी तोपर्यंत तात्पुरतीच असते. स्वतःच्या सहीने मृत्यूचा दाखला देण्याचा अधिकार त्याला नाही. त्यापुढे तीन वर्षे पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून, म्हणजेच निवासी डॉक्टर म्हणून तो एखाद्या युनिटमध्ये काम करतो. त्या युनिटमध्ये पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरवर दुसऱ्या वर्षाचा, त्याच्यावर तिसऱ्या वर्षाचा, त्याच्यावर वरिष्ठ निवासी, मग सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सर्वांवर युनिटचा प्रमुख, अशी चांगली सात-आठ पायऱ्यांची शिडी उभी असते. सकाळच्या राउंडच्या वेळी ही शिडी कोणीही जाऊन पाहावी. पांढऱ्या डगल्यांचा तो ताफा खाटेखाटेशी थांबतो, प्रमुख प्रश्न विचारतात, मागचे कोणीतरी टिपून घेते, आणि रुग्णाच्या नातेवाईकाला वाटते की आपल्या माणसामागे केवढी विद्वत्ता उभी आहे!

दुपार कलली की ही शिडी वरून मोकळी होऊ लागते. प्रथम प्राध्यापक जातात, मग त्यांचे सहायक. सायंकाळी रजिस्ट्रार शस्त्रक्रियागृहात अडकतो. रात्री एक वाजता कॅज्युअल्टीतून एखादी अत्यवस्थ बाई वॉर्डात येते, तेव्हा तिच्या खाटेशी बहुधा पहिल्या वर्षाचा निवासी आणि एखादा आंतरवासी एवढेच असतात. ज्याला मृत्यूच्या दाखल्यावर सही करण्याचा अधिकार नाही, त्याच्याच हाती तो मृत्यू टाळण्याचे काम येते. ही विसंगती कोणाच्या दुष्टपणातून आलेली नाही. ती सवयीतून आलेली आहे, आणि म्हणूनच ती कोणाला टोचत नाही.

कोणी म्हणेल की दूरध्वनी आहे, आता तर प्रत्येकाच्या खिशात आहे, वरिष्ठाला विचारावे. येथेच खरी मेख आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत वरिष्ठाला रात्री उठविणे हा जवळजवळ अपराध समजला जातो. पहिल्या वर्षाचा दुसऱ्या वर्षाच्याला विचारतो, दुसऱ्या वर्षाचा तिसऱ्या वर्षाच्याला, आणि तिसऱ्या वर्षाचा 'सरांना आता कशाला उठवायचे?' असे म्हणून आपल्या बुद्धीप्रमाणे निर्णय घेतो. तो पुष्कळदा बरोबरही येतो. ही मुले हुशार आहेत. परंतु तो बरोबर आला याचे श्रेय व्यवस्थेला देता येत नाही. ज्याला विचारावयाचे त्याच्याच हाती रजा, प्रबंधावरील सही, शस्त्रक्रियेत हात घालू देण्याची मेहेरबानी आणि अखेर परीक्षेतील गुण असतात. 'एवढेही येत नाही काय?' हा एक प्रश्न भर वॉर्डात, परिचारिका व रुग्ण यांच्या समोर ऐकून घेतला की पुढच्या वेळी तो तरुण दहादा विचार करतो. या वडीलकीचे रूप कधी कधी याहून भयंकर होते. २०१९ साली मुंबईत आदिवासी समाजातील एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली आणि तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातिवाचक छळाचा आरोप झाला. तो खटला न्यायालयापुढे गेला. त्यातील दोषादोष ठरविणे आमचे काम नव्हे. पण एका गोष्टीकडे बोट दाखविल्यावाचून राहवत नाही. अध्यापकांनी देखरेख सोडली म्हणजे ती नाहीशी होत नाही. ती दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या, स्वतःच थकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती जाते. बळी तो कान पिळी हा न्याय मग आपोआप सुरू होतो.

हा रोग केवळ आपलाच नाही. न्यूयॉर्कमध्ये मार्च १९८४ मध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ताप व अस्वस्थपणा म्हणून एका नामांकित रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. ती आधीपासून घेत असलेल्या औषधाशी न जुळणारे औषध तिला टोचले गेले होते. तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरवर त्या रात्री सुमारे चाळीस रुग्णांचा भार होता; ज्येष्ठ डॉक्टरशी बोलणे झाले ते दूरध्वनीवर. मुलीचे वडील सिडनी झायन हे वकील आणि पत्रकार. त्यांनी हे प्रकरण सोडले नाही. ग्रँड ज्यूरीने कोणा एका डॉक्टरवर फौजदारी आरोप ठेवला नाही, परंतु ज्या पद्धतीने अशी रुग्णालये चालतात त्या पद्धतीवर कडक ताशेरे झाडले. त्यातून बर्ट्रांड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ८० तासांवर मर्यादित केले. हा ८० तासांचा आकडा जगभर गाजला. २००३ साली तो साऱ्या अमेरिकेत लागू झाला. मात्र बेल स्वतः पुढे अनेक वर्षे हेच सांगत राहिले की तासांचा प्रश्न दुय्यम असून खरा प्रश्न पर्यवेक्षणाचा आहे. लोकांनी आकडा लक्षात ठेवला आणि मुख्य मुद्दा विसरले. आकडा लक्षात ठेवणे सोपे असते.

इंग्लंडमधील उदाहरण अधिक अलीकडचे आणि अधिक बोचणारे आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये लेस्टर येथील रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा जंतुसंसर्गाने मरण पावला. त्या दिवशी त्याच्यावर उपचार करणारी प्रशिक्षणार्थी डॉक्टर दीर्घ प्रसूतिरजेनंतर नुकतीच कामावर आली होती. संगणक बंद पडल्याने रक्ततपासणीचे निकाल तिच्यापर्यंत तासन् तास पोचले नाहीत. युनिटचे वरिष्ठ डॉक्टर दिवसा दुसऱ्या गावी शिकवावयास गेले होते. सायंकाळी ते परतले, तिने सांगितलेले रक्ताचे आकडे त्यांनी वहीत उतरवून घेतले, पण ते खाटेपाशी गेले नाहीत. तिच्या हातूनही चुका झाल्या, हे निर्विवाद आहे. २०१५ साली ज्यूरीने तिला निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल दोषी ठरविले. जानेवारी २०१८ मध्ये तिचे नाव वैद्यकाच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले आणि देशभरातील डॉक्टरांनी आवाज उठविल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ज्या देशात प्रत्येक नवोदित डॉक्टरला नावानिशी एक शैक्षणिक पर्यवेक्षक व एक वैद्यकीय पर्यवेक्षक नेमून दिलेला असतो, तेथे ही गत. आपल्याकडे तर निवासी डॉक्टरला प्रबंधासाठी मार्गदर्शक नेमलेला असतो, रात्रीसाठी नसतो.

आपला कायदा याबाबत गप्प आहे असेही नाही. १९९८ साली स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, कनिष्ठ डॉक्टरला ते काम नीट करता येणार नाही हे ठाऊक असूनही वरिष्ठाने ते त्याच्यावर सोपविले, तर तो वरिष्ठाचाच निष्काळजीपणा ठरू शकतो. त्या आधी, १९८६ मध्ये, इंग्लंडच्या अपील न्यायालयाने विल्शर खटल्यात या तत्त्वाची दुसरी बाजू मांडली होती. 'मी नवखा आहे' हा बचाव चालणार नाही. पण नवख्याने वरिष्ठाला विचारले असेल, तर त्याने आपले कर्तव्य केले असे समजले जाईल. हे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवले म्हणजे सारी नीती त्यात आली. कनिष्ठाने विचारलेच पाहिजे, आणि वरिष्ठाने विचारण्याची सोय ठेवलीच पाहिजे. दुर्दैवाने यातील पहिला अर्धा भाग आपण कनिष्ठाला दरडावून सांगतो आणि दुसरा अर्धा वरिष्ठाला सांगण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

कामाच्या तासांविषयी आमच्या सरकारांनी काय केले तेही एकदा क्रमाने पाहण्यासारखे आहे. जून १९९२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निवासी डॉक्टरांसाठी निर्देश काढले : सलग काम साधारणतः १२ तासांहून अधिक नको आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक नको. हे निर्देश पाळले गेले असे म्हणणारा एकही निवासी डॉक्टर आम्हांला अद्याप भेटावयाचा आहे. २०२३ साली पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम आले, त्यांत आकडाच नाहीसा झाला. विद्यार्थी 'वाजवी' तास काम करील व त्याला 'वाजवी' विश्रांती मिळेल, एवढेच त्यांत म्हटले आहे. आता वाजवी म्हणजे किती, हे छत्तीस तास जागलेल्या मुलाने ठरवावयाचे की त्याच्या विभागप्रमुखाने? पुढे २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्याच कृतिदलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा विचार करून आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचविली. म्हणजे बत्तीस वर्षांत आपण ४८ वरून निघालो आणि 'वाजवी' मार्गे ७४ पर्यंत पोचलो. आणि तीही सूचनाच. ज्या देशात तास मोजण्याची ही तऱ्हा, तेथे देखरेख कोण मोजणार?

अध्यापकांवर सारा दोष ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. सकाळी बाह्यरुग्ण विभागात शेकड्यांनी रुग्ण, दुपारी शस्त्रक्रिया, पदवीच्या विद्यार्थ्यांची व्याख्याने, मंत्रालयाची परिपत्रके, न्यायालयाची समन्से, आणि शिवाय आयोगाची तपासणी. पुष्कळ ठिकाणी पदे रिकामी, पुष्कळ ठिकाणी माणसे कंत्राटी, आणि तपासणीच्या सुमारास एका गावाहून दुसऱ्या गावी तात्पुरत्या बदल्या. अशा अध्यापकाने मध्यरात्री वॉर्डात फेरी मारावी अशी अपेक्षा करताना त्याच्या घरी जाण्याचा विचार कोणी केला पाहिजे. खासगी व्यवसायाच्या ओढीने दुपारनंतर दिसेनासे होणारे महाभाग आहेत, त्यांच्याविषयी आम्हांला सहानुभूती नाही. परंतु सर्वांना त्या माळेत ओवणे बरोबर नव्हे. हजेरी नोंदविण्यासाठी मे २०२५ पासून आयोगाने चेहरा ओळखणारी यंत्रणा आणली. चेहरा सकाळी आला व सायंकाळी गेला, एवढे यंत्राला कळते. मधल्या काळात त्या चेहऱ्याच्या मालकाने कोणाला काय शिकविले, हे कळण्याचे यंत्र अजून निघालेले नाही.

आणि याच वेळी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढविली जात आहे. २०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. दहा वर्षांत ती सातशेच्या वर गेली, आणि पदव्युत्तर जागा ३१ हजारांवरून ७२ हजारांवर गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातच एका दिवशी दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशीम अशा जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालय निघावे याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. मुंबई-पुण्याच्या लोकांनी त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु इमारत दोन वर्षांत उभी राहते, खाटा दोन महिन्यांत येतात, आणि चांगला अध्यापक तयार व्हावयास पंधरा वर्षे लागतात. हा हिशेब न जुळल्यामुळे जुलै २०२५ मध्ये अध्यापकांच्या पात्रतेच्या अटी सैल कराव्या लागल्या. शासकीय रुग्णालयात दहा वर्षे काम केलेल्या तज्ज्ञाला आता थेट सहयोगी प्राध्यापक होता येते. हा निर्णय सर्वस्वी वाईट नाही. जिल्हा रुग्णालयातील अनुभवी शल्यचिकित्सक हा पुष्कळ प्राध्यापकांहून चांगला शिकवू शकेल. पण हाताने काम करणे आणि दुसऱ्याच्या हाताने काम होताना शांतपणे पाहत उभे राहणे, या दोन वेगळ्या कला आहेत.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. संपादकाच्या खुर्चीत येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत शिकविले आहे. शिक्षकाच्या अभ्यासक्रमात सराव पाठ घ्यावा लागतो. त्यासाठी आधी पाठटाचण काढावयाचे, ते मार्गदर्शकाकडून तपासून घ्यावयाचे, आणि मग वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले असताना सहावीच्या पोरांना अपूर्णांक शिकवावयाचे. पाठ संपला की चुका एकेक करून सांगितल्या जात. अपूर्णांक चुकला तर फार तर एका पोराचा गुण जाई. तरीही समाजाने आम्हांला एकटे सोडले नव्हते. छातीत नळी घालणाऱ्या मुलाच्या मागच्या बाकावर मात्र कोणी नसते, हे मनाला पटत नाही.

याचा अर्थ प्रत्येक सलाईन लावताना प्राध्यापकाने हात धरावा असा नव्हे. सतत धरलेला हात शिकत नाही. चांगला गुरू प्रथम करून दाखवितो, नंतर शेजारी उभा राहून करू देतो, त्यानंतर पलीकडच्या खोलीत बसतो आणि शेवटी घरी जातो. पण घरी गेला तरी दूरध्वनी उशाशी ठेवतो. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत देखरेखीच्या याच पायऱ्या लिहून ठेवलेल्या आहेत, आणि कोणत्या प्रसंगी वरिष्ठाला कळविलेच पाहिजे त्याची यादी प्रत्येक विभागाने करावी असे बंधन आहे. आपल्याकडे कोणी कोणत्या पायरीवर आहे, हे वर्षाच्या आकड्यावरून ठरते. जून-जुलैत पहिल्या वर्षाचा दुसऱ्या वर्षात गेला, की एका रात्रीत तो वरिष्ठ होतो. जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवितात, तेथेही हीच अडचण आहे. योजना उत्तम, महाविद्यालयाबाहेरचा आजार आणि बाहेरची गरिबी दोन्ही त्याला पाहावयास मिळतात. परंतु त्याच्याकडे शिकावयास आलेला विद्यार्थी म्हणून पाहावयाचे की रिकाम्या पदावर मिळालेला फुकटचा तज्ज्ञ म्हणून, हे त्या त्या रुग्णालयाच्या निकडीवर ठरते, आणि निकड नेहमीच मोठी असते.

आमचे पुष्कळसे वाचक म्हणतील, आम्ही कोठे सार्वजनिक रुग्णालयात जातो? खरे आहे. ही सारी शिकवणी होते ती ज्यांना दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही त्यांच्या देहावर. चूक झालीच तर त्यांना ग्राहक न्यायालयाचा दरवाजाही बंद, कारण जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशी रुग्णालये त्या कायद्याच्या बाहेर आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. म्हणून या माणसांची काळजी घेण्याची जबाबदारी देखरेख करणाऱ्यांवर दुप्पट येते. आणि आमच्या वाचकांनी फार निश्चिंत राहू नये. ज्या तज्ज्ञाला आपण पुढे दोन हजार रुपये मोजून दाखवितो, त्याच्या सवयी याच वॉर्डांत रात्री दोन वाजता बनलेल्या असतात. विचारण्याची लाज त्याला तेथे लागली असेल, तर ती पन्नाशीपर्यंत सुटत नाही. शिवाय खासगी शुश्रूषागृहात रात्री खाटेशी येणारा निवासी अधिकारी कोणत्या शाखेचा पदवीधर आहे व त्याच्यावर कोण आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले आहे?

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. त्यांना पैसा लागतो आणि अंमळ निर्धार लागतो. रात्री मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग व भूल या विभागांचा एक तरी अध्यापक रुग्णालयाच्या आवारात राहिला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सुटी मिळाली पाहिजे. त्याखेरीज हे घडणार नाही. रात्रपाळीचा वेगळा मोबदला द्यावा लागेल, तो द्यावा. प्रत्येक केसपेपरवर उपचार करणाऱ्या निवासी डॉक्टरच्या नावाखाली त्या क्षणी जबाबदार असलेल्या अध्यापकाचे नाव लिहिले जावे. 'युनिट क्रमांक तीन' हे कोणा माणसाचे नाव नव्हे. कोणत्या वेळी वरिष्ठाला उठवायचेच, याची यादी वॉर्डात भिंतीवर लावावी : तातडीची शस्त्रक्रिया ठरली, रुग्ण अतिदक्षता विभागात हलविला, प्रकृती अनपेक्षितपणे ढासळली, नातेवाईकांनी उपचार नाकारले. यादी भिंतीवर असली म्हणजे उठविणाऱ्याला भीड वाटत नाही; नियमाने उठविले, त्याने नव्हे. आणि ज्या महाविद्यालयात पुरेसे अध्यापक प्रत्यक्षात हजर नाहीत, तेथे पदव्युत्तर जागा वाढवू नयेत, मग तेथील आमदारांनी कितीही आग्रह धरो.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे व दिल्लीच्या आयोगाचे तपासणी पथक महाविद्यालयात जाते ते साधारणतः सकाळी, आणि पाहते ते ग्रंथालयातील पुस्तके, प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शके व हजेरीपटावरील सह्या. या पथकाने वर्षातून एकदा न कळविता रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत जावे. तेथे असलेल्या सर्वांत कनिष्ठ डॉक्टरला एवढेच विचारावे की, गेल्या महिन्यात तू किती वेळा वरिष्ठाला बोलाविलेस, त्यांपैकी ते किती वेळा आले, आणि आल्यावर तुला काय म्हणाले.